एकाच नावाचे दाखले

आईवडिलांनंतर कुणाचं नाव घेशील, असं मला कुणी विचारलं तर मी हेमलता तामोरे हे नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेतल्या बाई असतील. त्या शाळेतल्या नव्हत्या. बोईसरला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर वेबसाइट बनवून देणारं छोटं ऑफिस आहे. तिथे मी नोकरीला लागलो तेव्हा त्या माझ्या वरच्या होत्या, आणि ऑफिसात वर-खाली म्हणावं अशी माणसं आम्ही दोघंच होतो.

मी कुंभवलीचा. वडील धुळ्याकडून इकडे आले आणि एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून राहिले ते राहिलेच. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पदवी मिळाली म्हणजे काम येतं, असा माझा प्रामाणिक समज होता. मॅडमनी तो पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. पण अंगात रुतलेला काटा एखाद्याने काढावा तसा काढला. दुखलं, आणि लगेच बरं वाटलं.

मॅडम चिंचणीच्या, मच्छीमारांच्या घरातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांत कायम एक पेन खोचलेलं. आवाज मोठा. वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय असलेल्या घरांत असतो तसा. ग्राहकाशी बोलतानाही त्या आपलं हाय-नाय सोडत नसत. आमचे मालक भावेशभाई एकदा हळूच म्हणाले होते, "बेन, पार्टीसमोर थोडं शुद्ध बोला ना." त्यावर मॅडम म्हणाल्या, "भावेशभाई, कोड शुद्ध हाय ना? मंग मला माझ्या तोंडानं बोलू द्या."

भावेशभाई जैन. मॅडमच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असली की ते न बोलता उठून खिडकी उघडत आणि आपल्या केबिनचं दार लावून घेत. मॅडम इकडून ओरडत, "कंपन्यांचा वास दिवसभर चालतो, माझ्या बोंबलाचा चालत नाय?"

आतून उत्तर येई, "बेन, कंपनीचा वास पेमेंट घेऊन येतो."

मग दोघंही हसत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे झालं त्यात भावेशभाई कुणाला वाईट वाटतील. ते तसे वाईट माणूस नव्हते.

आमचं बरंचसं काम सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टचं. वेबसाइटवर कुणी फॉर्म भरला, त्याला फोटो किंवा कागद जोडला, की तो उचलून ठरल्या जागी ठेवणं हे स्क्रिप्टचं काम. ते फसलं तर ती एक आकडा देते. मी हे आकडे पुस्तकातून पाठ केले होते. मॅडमनी ते मला माणसांसारखे ओळखायला शिकवले. "एक आला म्हणजे बोजा मोठा, दारातनं मावत नाय. तीन म्हणजे एसटी अर्ध्या वाटेत बंद पडली, निम्मी फाइल पोचली. चार म्हणजे पाव्हणा आलाच नाय, नुसती चिठ्ठी आली. सहा म्हणजे टेकायला ओटी नाय. सात म्हणजे घर हाय, पण आत ठेवता येत नाय."

"आणि शून्य?"

"शून्य म्हणजे सगळं ठीक. घरी जा."

चूक दिसली की ती मोठ्याने वाचायला लावणं ही त्यांची पद्धत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "मॅडम, एरर आलाय." त्या मान वर न करता म्हणाल्या, "आलाय? मावसभाऊ हाय का तुझा? आपण आणला म्हण. नि वाच. सगळा वाच." मी वाचू लागलो. दुसऱ्या ओळीतच लिहिलं होतं की ज्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची ते फोल्डरच नाही. मी सकाळपासून कोड उलटापालटा करत होतो आणि कारण पडद्यावर सकाळपासून लिहिलेलं होतं. मॅडमनी डब्याचं झाकण माझ्यापुढे केलं. त्यात चटणीबरोबर तांदळाच्या भाकरीचा तुकडा होता.

त्यांची दुसरी सवय मला सुरुवातीला वेळेचा अपव्यय वाटे. कुणाची तक्रार आली की त्या म्हणत, "फाइल नको दाखवू. माणूस दाखव." म्हणजे ज्याची फाइल चढत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तो काय करतो ते बघायचं.

तारापूरच्या एका कारखान्याला आम्ही सुरक्षेचे अहवाल भरायची साइट करून दिली होती. तिथून तक्रार आली की सकाळी अहवाल चढतो, दुपारी चढत नाही. चूकही दाखवत नाही; फॉर्म नुसता कोरा होऊन परत येतो. मी सर्व्हर तपासला, दुपारचा लोड तपासला, काही सापडलं नाही. मॅडमनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट कारखान्यात नेलं. दुपारच्या पाळीचा क्लार्क उत्तरेकडचा, बोलायला फटकळ. आम्हाला बघताच म्हणाला, "आइए मैडम, आपकी वेबसाइट खाना खाके सो जाती है क्या?"

"आज जगाके जाएगी," मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

तो स्कॅन करू लागला आणि मॅडमनी मला कोपराने ढोसलं. सकाळचा क्लार्क कागद साधे काळेपांढरे स्कॅन करायचा. हा नेकीचा माणूस. साहेबांनी 'साफ दिखना चाहिए' म्हटलं म्हणून प्रत्येक पान रंगीत आणि सगळ्यात भारी प्रतीचं. फाइल एवढी फुगायची की सर्व्हर अख्खा फॉर्मच टाकून द्यायचा, फाइल आणि लिहिलेलं सगळं. म्हणून तर आकडाही येत नव्हता. आकडा द्यायला स्क्रिप्टच्या हातात काही उरतच नव्हतं. मॅडमनी मर्यादा वाढवली, मोठी फाइल आली तर तसं स्पष्ट सांगणारी ओळ घातली, आणि निघताना त्याला म्हणाल्या, "तुम्हारा काम अच्छा था भैया. हमारा दरवाज़ा छोटा था."

परत येताना मी म्हणालो, "मॅडम, चूक तर त्याची होती."

"त्यानं साफ स्कॅन केलं ही चूक?" त्यांनी स्कूटर न थांबवता विचारलं.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला घेतलं त्या दिवसाकडे येतो.

पालघरजवळ मुलींना नर्सिंग शिकवणारी एक संस्था होती. तिच्या प्रवेशाची साइट मॅडमनी लिहिलेली. पहिली दोन वर्षं मुली कागद घेऊन संस्थेत जात. तिथला क्लार्क ते स्कॅन करी, फाइलला मुलीच्या अर्जाचा नंबर नाव म्हणून देई आणि चढवी. कधी काही बिघडलं नाही. त्या वर्षी संस्थेने सांगितलं की मुली लांबून येतात, एसटी मिळत नाही. त्यांना घरून मोबाइलवरच अर्ज भरू द्या. मॅडम फोनवर म्हणाल्या, "होईल की. त्यात काय!" मी पान मोबाइलच्या पडद्यावर बसेल असं करून दिलं. मागची स्क्रिप्ट होती तशीच राहिली.

दिवाळी झाली, अर्ज सुरू झाले आणि फोन सुरू झाले. फाइल चढत नाही. नोंदींमध्ये बघावं तर एक, एक, एक. फोनचे फोटो मोठे, दार छोटं. मॅडमनी मर्यादा वाढवली. संस्थेने सगळ्या मुलींना मेसेज पाठवला की आता दाखले चढतात, सगळ्यांनी आजच्या आज भरा, शिक्का स्पष्ट दिसला पाहिजे. त्या दिवशी नोंदींमध्ये ओळीने शून्य उमटत गेले. मॅडमनी खालून वडापाव मागवले. भावेशभाईंनीही खाल्ला.

पुढच्या आठवड्यात, यादी लागायच्या दिवशी सकाळीच, संस्थेचा फोन आला. एका मुलीने दुसऱ्याच मुलीचा जातीचा दाखला जोडलाय. फसवणुकीचं प्रकरण आहे, तिचा अर्ज काढून टाकलाय. ती आणि तिची आई कालपासून संस्थेच्या दारात बसून आहेत, मुलगी ऐकत नाही. तुमच्या साइटवर तिने काय केलं त्याची नोंद पाठवा, म्हणजे तिला दाखवून घरी पाठवता येईल.

मी नोंद काढली. अर्ज भरला, दाखला जोडला, शून्य. सगळं ठीक. मी मेल लिहायला घेतला. मॅडमनी हेल्मेट उचललं.

"शून्य आहे, मॅडम."

"दिसतंय. ती पोरगी दोन दिवस दारात का बसलीय? खोटं करणारी पळते. चल."

संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर ती बसली होती. ललिता वरठा, विक्रमगडच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. आई खाली जमिनीवर. आदल्या दिवशी प्राचार्यांनी तिला इतर मुलींसमोर खोटारडी म्हटलं होतं, हे आम्हाला शिपायाने आल्याआल्या सांगितलं. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या. स्वतःचं नाव सांगितलं, काम सांगितलं.

ललिता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी दुसरीचा नाय टाकला. माझाच टाकला. तुमी किती बी इचारा."

"मी इचारत नाय. मला दाखव कसा टाकलास. त्या दिवशी केलंस तसंच."

तिने फोन काढला. काच तडकलेली, कॅमेऱ्याच्या भिंगावर चरा. पाड्यात चांगला कॅमेरा एकट्या आशाताईंच्या, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेच्या, फोनला. मेसेज आला त्या दिवशी सगळ्या मुली आपापला दाखला घेऊन ताईंच्या अंगणात गेल्या. ताईंनी उन्हात फोटो काढले आणि जिचा तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ललिताने तिला आलेला फोटो उघडून दाखवला. तिचंच नाव, तिचाच दाखला, शिक्का स्पष्ट.

"हा निवडला नि बटण दाबलं. शाबास असं काय तरी आलं. मी घरी गेले."

मॅडमनी तो फोन हातात घेतला आणि फोटोची माहिती उघडली. तिथे फाइलचं नाव होतं. त्या बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुझा फोन काढ. त्याच तारखेला तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला फोटो कुणाचा आला?"

मला शिरपूरची मावशी रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवते. मी तो काढला.

"नाव वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. ललिताच्या दाखल्याचं आणि मावशीच्या गुलाबाचं नाव एकच होतं. अक्षर न् अक्षर. व्हॉट्सअ‍ॅप आलेल्या फोटोला नाव देतं ते त्या दिवसाची तारीख आणि आज आलेला पहिला, दुसरा, असा क्रमांक. त्या दिवशी ज्या ज्या फोनवर पहिला फोटो म्हणून दाखला आला, त्या प्रत्येकीच्या दाखल्याचं नाव तेच. आणि आमची स्क्रिप्ट फाइल आली की तिच्या स्वतःच्या नावानेच ठेवत होती. त्याच नावाची दुसरी आली की पहिलीच्या जागी ती. तिसरी आली की दुसरीच्या जागी. दरवेळी शून्य, दरवेळी सगळं ठीक. ललिताच्या अर्जापुढे जो दाखला दिसत होता तो शेवटी फोटो चढवणाऱ्या कुणा मुलीचा होता.

मॅडम उठून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. मीही मागे गेलो. ललिताचा फोन त्यांच्या एका हातात होता, दुसऱ्या हातातल्या स्वतःच्या फोनवर त्यांनी भावेशभाईंना लावला, स्पीकरवर. जे झालं ते सांगितलं.

भावेशभाई म्हणाले, "किती जणींचं झालंय?"

"बघावं लागल. बऱ्याच."

"संस्थेला फक्त या एकीचंच माहीत आहे ना? मग एकीचं नीट करा. सर्व्हर का इश्यू था, हो गया. बाकीचं आपण गुपचूप बघू."

"यादी आज लागतेय, भावेशभाई. दाखला जुळत नाय म्हणून बाकीच्या आज बाहेर पडतील."

"बेन, ऐका माझं. पुढच्या वर्षाचं काम अजून साइन नाही झालं. बोलायचंच असेल तर नवीन मुलाचं नाव सांगा. मोबाइलचं काम त्यानेच केलं ना? नवीन आहे, माफ करतील. थोडे दिवस त्याला घरी बसवू, मग बघू."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मोबाइलच्या पानाचं काम माझ्या नावावर होतं, हे खरंच होतं. घरी वडिलांनी सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं की पोरगा कॉम्प्युटरवर बसतो.

"भावेशभाई," मॅडम म्हणाल्या, "फोन स्पीकरवर हाय. पोरगा ऐकतोय."

मॅडमनी फोन ठेवला आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत ललिताचा हात धरला. मला मागे येऊ नको म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही गेलो.

प्राचार्यांसमोर यादी सहीसाठी ठेवलेली होती. मॅडम बसल्या नाहीत.

"बाई, ही पोरगी खरं बोलतेय. चूक माझी हाय. ती स्क्रिप्ट मी लिहिलीय. दोन वर्षं तुमचा माणूस प्रत्येक फाइलला वेगळं नाव देत होता, म्हणून ती चालली. यंदा पोरींच्या हातात दिली तेव्हा मी तिच्याकडं परत बघितलंच नाय."

प्राचार्यांना आधी कळलंच नाही. मॅडमनी दोन फोन शेजारी ठेवून दोन नावं दाखवली. मग कळलं. त्यांचा आवाज चढला. "तुमच्या साइटवर विश्वास ठेवून मी काल हिला सगळ्यांसमोर काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत हाय."

"मग आता मी काय करू?"

"सगळ्यांसमोरच परत बोला. नि यादी लावू नका. हिच्यासारख्या अजून हायत. किती ते मला तासाभरात सांगता येईल, पण हायत."

ललिता इतका वेळ मान खाली घालून उभी होती. तिने मान वर केली ती प्राचार्यांकडे बघायला नाही, मॅडमकडे बघायला. तिच्या नजरेत आभार नव्हते. एखादं मोठं माणूस असं बोलू शकतं, याचं नवल असावं.

प्राचार्यांनी यादी सोमवारपर्यंत थांबवली. मुलींना पटांगणात बोलावून ललिताबद्दल बोललेलं परत घेतलं. तेही सोपं नसतं, आणि त्यांनी ते केलं.

आम्ही क्लार्कच्या टेबलावर बसलो. एकाच नावाच्या फाइली कोणाकोणाच्या अर्जाला लागल्यात, ते मॅडमनी काढलं. पडदा भरून नावं आली. जुने दाखले सर्व्हरवर उरलेले नव्हते. पुसलेल्या पाटीवर परत लिहिल्यासारखं झालं होतं. प्रत्येकीला गाठून फोटो पुन्हा मागवायचा होता. ललिता घरी गेली नाही. आमच्याबरोबर बसून राहिली, आणि ती नसती तर निम्म्या मुली मिळाल्या नसत्या. मी फोन लावायचो, लागायचा नाही. ती म्हणायची, "आता नाय लागणार. तिकडं रेंज देवळाच्या टेकावरच येते. गुरं परत आणायला पोरी जातील तवा लावा." तवा लावला की लागायचा. शनिवारपर्यंत एक सोडून सगळ्यांचे दाखले आले.

ती एक यशोदा भोये. नंबर काकांचा होता आणि बंद होता. रविवारी मॅडम आणि मी तिच्या पाड्यावर गेलो. घराच्या कडीला तार गुंडाळलेली. शेजारच्या म्हातारीने हात हलवला. "विटांच्या भट्टीवर गेली सगली. कंची भट्टी, ते नाय म्हाईत. गाडी आली नि गेली." मॅडमनी आणखी तीन घरी विचारलं. मग त्या वाटेवरच्या एका दगडावर बसल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी ती घेतली, पण प्यायल्या नाहीत.

सोमवारी यादी लागली. ललिताचं नाव होतं. यशोदाचं नव्हतं. प्राचार्या म्हणाल्या, "मी अजून किती थांबू, तुम्हीच सांगा." त्यांचंही खरं होतं.

मॅडमनी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता प्रत्येक फाइलला येताक्षणी इतर कुणाचं नसलेलं वेगळं नाव मिळे, आणि चढलेला कागद पडद्यावर दाखवून 'हा तुमचाच आहे का?' असं विचारलं जाई. पण त्या दिवसानंतर त्या बदलल्या. नोंदींत शून्य दिसला की पूर्वी त्या पर्स उचलत. आता तो ज्या फाइलचा असे ती फाइल उघडून बघत. वडापाव मागवणं बंद झालं.

संस्थेने काम दुसऱ्यांना दिलं. भावेशभाई चिडले नाहीत, नुसते थकल्यासारखे म्हणाले, "बेन, खरं बोलून धंदा होतो, पण दुसऱ्याचा होतो." मला त्यांनी घरी बसवलं नाही. त्या फोनबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मीही नाही. आजही मी त्यांच्याकडेच आहे.

पुढल्या पावसाळ्याआधी मॅडमनी नोकरी सोडली. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायला मिळत होतं आणि आईला बघायला कुणी नव्हतं. भावेशभाईंनी पेढे आणले, भाषण केलं, मध्येच थांबले आणि केबिनमध्ये गेले. मॅडमनी टेबल पुसलं. मी जिन्यापर्यंत गेलो. मला बरंच काही बोलायचं होतं. पाठही केलं होतं. त्यांनी हेल्मेट घातलं, काच वर केली आणि म्हणाल्या, "त्या यशोदाचा कधी ठावठिकाणा लागला तर मला सांग हां." आणि खाली उतरून गेल्या. एवढंच.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. या दिवाळीनंतर मी त्यांना पत्र पाठवलं. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं.

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

यशोदा सापडली.

ललिताचा फोन आला होता. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. कुणा नातेवाइकाकडून तिला कळलं की यशोदाची माणसं वैतरणेच्या पलीकडे भट्टीवर आहेत. मी सुटी घेतली आणि गेलो. ललिताही आली. विचारत विचारत गेलो. ती विटा रचत होती. आम्ही संस्थेकडून आलोय असं वाटून ती आधी घाबरली.

तिला वाटत होतं, मार्क कमी पडले. घरच्यांनाही तिने तसंच सांगितलं होतं. तेव्हापासून तिने शिकायचं नाव काढलेलं नाही. मी तिला सांगितलं की मार्क पुरेसे होते, दाखलाही बरोबर होता, चूक आमच्याकडून झाली. तुम्ही प्राचार्यांसमोर बोललात तसं मला नाही जमलं, मॅडम. मी फार वेळ लावला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तवाच सांगाया कोन का नाय आलं?"

मी सांगितलं की एक बाई आणि मी पाड्यावर आलो होतो, घर बंद होतं. तिने वडिलांकडे बघितलं. ते आपल्या कामाला गेले.

मी तिला सांगितलं की वयात अजून बसतं आणि अर्ज या आठवड्यात सुरू आहेत. तिने लगेच हो म्हटलं नाही. बराच वेळ हातावरची माती चोळत राहिली. दुपारी जेवणं झाल्यावर स्वतःच आली आणि म्हणाली, बाबा हो म्हणालेत. तिथे आता दुसऱ्यांची साइट आहे. ललिताच्या फोनवर अर्ज भरला. चढलेला दाखला मी दोनदा उघडून बघितला.

निघताना तिने विचारलं, पाड्यावर आलेल्या त्या बाई कोण. मी तुमचं नाव सांगितलं आणि म्हणालो, नोकरी सोडून जातानाही त्यांनी तुझीच चौकशी केली होती. ती म्हणाली, "मला बघितलं बी नाय त्यांनी. नि नाव ध्यानात ठेवलं?"

मी हो म्हटलं. तुम्हाला हे कळायला हवं, म्हणून लिहितोय.

यादी लागायची आहे. लागली की त्याच दिवशी कळवेन, नाव असो वा नसो.

तुमचा,
नितीन